‘हे नोकरीत कुठे लागतं?’ असं विद्यार्थी विचारतात तेव्हा

प्रश्न: मी गेली तीन वर्षं पत्रकारितेच्या पदवी अभ्यासक्रमाला शिकवते. त्याआधी पाच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. यंदा माझ्याकडे ‘पत्रकारितेचा इतिहास’ हा पेपर आलाय, तोही दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. वर्गात निम्मी मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. परवा एकाने सरळ विचारलं, ‘मॅडम, दर्पण कधी निघालं हे नोकरीत कुठे लागतं?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यातच अभ्यासक्रमाची फेररचना चालू आहे. इतिहासाचा पेपर काढावा आणि ते तास मोबाइल पत्रकारिता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना द्यावेत, असा विभागप्रमुखांचा विचार आहे. पुढच्या बैठकीत माझं मत विचारतील. खरं सांगते, शिकत असताना मलाही हा विषय कधी आवडला नव्हता. मी त्याच्या बाजूने बोलावं का? बोलायचं तर काय बोलू? आणि पेपर राहिलाच, तर शिकवू कसा?
– एक प्राध्यापिका

उत्तर: तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर द्या: ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं, ही माहिती नोकरीत कुठेही लागत नाही. मी तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या संपादित करण्यात, काढली, त्यातली शेवटची बारा वृत्तसंपादक म्हणून. रात्री साडेअकराला पान सोडताना मला एकदाही कुठल्या वृत्तपत्राच्या स्थापनेची तारीख आठवावी लागली नाही. तेव्हा बैठकीत तारखांचा बचाव करायला जाऊ नका. त्यात तुम्ही हराल, आणि हरायलाच हवं.

पण इतिहास ठाऊक नसल्याची किंमत मोजली गेलेली मी पाहिली आहे. ती मला मोजावी लागली नाही, दुसऱ्याच एका माणसाला मोजावी लागली. ती गोष्ट आधी सांगते.

डेस्कवरचं माझं तिसरं वर्ष असेल. एका संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र आमच्या हाती आलं. आणणारा माणूस ओळखीचा होता, त्याने आधी दिलेल्या दोन बातम्या खऱ्या ठरल्या होत्या. संस्थेच्या हिशेबनिसाने पैसे खाल्ल्याचं त्या पत्रात लिहिलं होतं, खाली पदाधिकाऱ्याची सही होती. त्या संस्थेत काहीतरी मुरतंय असं आम्हा सगळ्यांना आधीपासून वाटतच होतं, आणि पत्र त्या वाटण्यात चपखल बसलं. उशीर झाला होता, पानावर जागा होती. मथळा मी दिला. चौथ्या दिवशी कळलं की सही बनावट आहे. खुलासा छापला, आतल्या पानावर, एका कॉलमात, चार ओळींचा. त्याच दुपारी तो हिशेबनीस कार्यालयात आला. ओरडला नाही, भांडला नाही. अंक माझ्या टेबलावर ठेवून त्याने एवढंच विचारलं, ‘छापण्याआधी मला एक फोन का नाही केलात?’

त्यानंतर काही वर्षांनी मी कोल्हापूर प्रकरण नीट वाचलं. नावाने ते मला शाळेपासून माहीत होतं. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, सुटल्यावर त्यांचं जंगी स्वागत झालं, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते आत का गेले, हे मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. पहिल्याच वर्षात दोन्ही पत्रांनी कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा प्रश्न हाती घेतला. महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप होता. लोकांच्या मनात संताप होता, आणि संपादकांच्या मनातही. अशा वेळी त्यांच्या हाती काही पत्रं आली. बर्व्यांचा कट उघड करणारी, हवी होती अगदी तशीच. त्यांच्या आधारावर मजकूर छापला गेला. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला, आणि कोर्टात कळलं की पत्रं बनावट आहेत. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून तिचे १०१ दिवस झाले.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. आणणारा विश्वासातला, आरोप मनाला पटणारा, कागद हवा तसा. माझं लेटरहेडवरचं पत्र आणि ती पत्रं यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर होतं, पण सापळा तोच होता. या भाषेतल्या सर्वांत बुद्धिमान दोन संपादकांचे पाय त्यात अडकले होते. पण आमच्या वर्गात त्याची पराक्रमाची गोष्ट झाली होती, म्हणून त्यातलं शिकण्यासारखं जे होतं ते माझ्यापर्यंत पोहोचलंच नाही. कुणी सांगितलं असतं, तर त्या रात्री मी फोन केलाच असता असा दावा मी करणार नाही. पण पत्र हातात घेताना मनात काहीतरी खटकलं असतं. डेस्कवर बऱ्याचदा तेवढं खटकणंच पुरतं.

तुमच्या विद्यार्थ्याला देण्याचं उत्तर हेच आहे. इतिहास म्हणजे आपल्याच धंद्यातल्या माणसांनी घाईत, अपुऱ्या माहितीवर, कुणाच्या तरी दबावाखाली घेतलेल्या निर्णयांची फाइल. त्यांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं, आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आपण त्या निर्णयाच्या क्षणाला परत जाऊन बसू शकतो. दुसऱ्या कुठल्याही पेपरात ही सोय नाही.

आता शिकवायचं कसं, ते सांगते. कोल्हापूरचीच गोष्ट घ्या, पण शेवट सांगू नका. नावंही सांगू नका, कारण नावं कळली की मुलं आदराने गप्प बसतात. नवं वृत्तपत्र आहे, तरुण संपादक आहेत, लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि टेबलावर काही पत्रं आहेत, असं म्हणा. उद्याचा अंक आहे. छापायचं? कुणाला विचारायचं? अक्षर कसं ताडायचं? ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापर्यंत माणूस पाठवायचा का, की पाठवला तर तो सावध होईल? मुलांना भांडू द्या. छापायचंच म्हणणाऱ्यांची बाजू वर्गात कमकुवत नसेल, हे मी अनुभवाने सांगते. मग तासाच्या शेवटी नावं आणि निकाल सांगा.

गोष्ट तिथे संपवू नका मात्र. पुढच्या तासाला सांगा की हे महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला देखरेखीखाली असतानाच वारले. म्हणजे संपादकांची काळजी खरी होती, पुरावा खोटा होता. खऱ्या काळजीला खोट्या पुराव्याचा आधार दिला की काळजीच बदनाम होते, आणि खरा अन्याय झाकायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. हे कुठल्याही आचारसंहितेतल्या कलमाने एवढं नीट कळत नाही.

याला जोडून दुसरी सूचना, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अभ्यासक्रमात १७८० च्या हिकीच्या गॅझेटपासून, म्हणजे भारतातल्या पहिल्या छापील वृत्तपत्रापासून, आजपर्यंतची अडीचशे वर्षं असतील. ती सगळी उरकण्याच्या नादात काहीच हाती लागत नाही. परीक्षेपुरती एक धावती ओळख करून द्या आणि मग महिनाभर एकाच वर्षात राहा. मी तुमच्या जागी असते तर १८८२ निवडलं असतं.

बघा त्या एका वर्षात काय काय आहे. देशी भाषांतल्या पत्रांनाच तेवढं बांधून टाकणारा व्हाइसरॉय लिटनचा १८७८ चा कायदा नुकताच मागे घेतला गेला आहे. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, म्हणून बंगालमधलं ‘अमृत बझार पत्रिका’ इंग्रजी होऊन निसटलं होतं. कायदा भाषा बघून माणसं वेगळी करतो, ही गोष्ट मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फार समजावून सांगावी लागत नाही. इकडे दोन संपादक तुरुंगात आहेत. त्यांच्या जामिनासाठी जोतीराव फुल्यांच्या शब्दावर त्यांचे स्नेही रामशेट उरवणे पुढे आले होते. ज्यांच्या मतांशी या पत्रांचं पुढे कडाक्याचं भांडण झालं, तीच माणसं अडचणीच्या वेळी उभी राहिली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’ चालवत आहेत. कृष्णराव भालेकरांनी ते १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलं होतं. गिरणीत राबणाऱ्या माणसाचा दिवस किती तासांचा असतो आणि त्याला आठवड्यात सुट्टी का नाही, या गोष्टी बातमीचा विषय आहेत असं वाटणारं ते पत्र होतं. आणि याच १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आलं. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या भ्रूणहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जे लिहिलं जात होतं, ते वाचून संतापलेल्या एका वाचक बाईचं ते उत्तर होतं.

वाचक बाई म्हणून त्यांच्याकडे बघा, मग हे पुस्तक पत्रकारितेच्या इतिहासात का हवं ते लक्षात येईल. वृत्तपत्रात जे लिहिलं गेलं ते कुणावर जाऊन आदळलं, हे आपण क्वचितच शिकवतो. छापणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. ज्यांच्याबद्दल छापलं त्यांचा, आणि ज्यांचं छापलं गेलं नाही त्यांचा, मुद्दाम शोधावा लागतो.

त्यासाठी १८८२ वरून एकच उडी मारा, ३१ जानेवारी १९२० वर. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनी स्वतः नंतर नोंदवून ठेवलं आहे. अठ्ठेचाळीस तासांपूर्वी ज्या पत्रासाठी तुमच्या वर्गाचे डोळे भरून आले होते, तेच हे पत्र. मुलं अस्वस्थ होतील. कुणी बचाव करेल, कुणी चिडेल. होऊ द्या. ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात मुंबई इलाख्यातल्या पत्रांबद्दल लिहिलेलं आहे, की त्यातली बरीचशी विशिष्ट जातीचं हित पाहणारी आहेत आणि इतरांची त्यांना पर्वा नाही. तो मजकूर वर्गात मोठ्याने वाचून घ्या. मग आजच्या कुठल्याही अंकातली माणसं मोजायला सांगा. कुणाचं नाव आलं, कुणाचं म्हणणं अवतरणात आलं, आणि कोण फक्त ‘मृतांमध्ये’ आलं?

मोजण्यावरून आठवलं. मुलांना मोजायला लावा, त्यांना ते आवडतं. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोन अमेरिकन पत्रकारांनी १९२० मध्ये एक काम केलं. मार्च १९१७ ते मार्च १९२० असे तीन वर्षांचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे अंक घेतले आणि रशियन क्रांतीच्या बातम्या एकेक करून तपासल्या. बोल्शेविकांची सत्ता कोसळली आहे किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असं त्या अंकांमधून ९१ वेळा सांगितलं गेलं होतं. ती सत्ता पुढे १९९१ पर्यंत टिकली. त्या दोघांनी बातमीदारांवर खोटेपणाचा ठपका ठेवला नाही. त्यांचं म्हणणं जास्त टोचणारं होतं: बातमी लिहिणाऱ्यांना आणि संपादित करणाऱ्यांना जे व्हावंसं वाटत होतं, तेच त्यांना दिसत होतं. तुमच्या वर्गासाठी हा आयता प्रकल्प आहे. तीन वर्षांपूर्वीचा कुठलाही गाजलेला विषय घ्या, एका पत्राचे तीन महिन्यांचे अंक घ्या, आणि ‘लवकरच’, ‘हालचालींना वेग’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दांनी सुरू झालेलं किती खरं ठरलं ते मोजा. त्यानंतर तुमचा एकही विद्यार्थी ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ इतक्या सहजपणे लिहिणार नाही.

त्याच दैनिकाचं पुढचं दशकही दाखवा. मॉस्कोतला त्यांचा बातमीदार वॉल्टर ड्युरांटी, १९३२ चा पुलित्झर हा पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळालेला, राजधानीत वर्षानुवर्षं मुरलेला. मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा सत्तावीस वर्षांचा वेल्श पत्रकार युक्रेनच्या खेड्यांतून पायी हिंडून बाहेर आला आणि तिथे दुष्काळ माणसं मारतोय असं त्याने बर्लिनमध्ये सांगितलं. दोनच दिवसांत ड्युरांटीने त्याचं म्हणणं खोडून काढलं: लोक भुकेले आहेत, पण भूकबळी नाहीत. तुम्ही डेस्कवर आहात, दोन्ही मजकूर समोर आहेत, एकीकडे नाव आहे आणि दुसरीकडे पायपीट. नव्वद टक्के डेस्क नावाकडे झुकतात. माझाही झुकला असता.

आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांना विसरू नका. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये त्यांच्या ओळखीच्या किराणा दुकानदारासह तिघा कृष्णवर्णीयांना जमावाने मारलं. जमावाच्या अशा खुनांमागे गोऱ्या बाईवरच्या अत्याचाराचं कारण असतं, असं सगळी पत्रं सांगत होती. बाईंनी एकेक प्रकरण खणून काढलं आणि ते कारण बहुतेक ठिकाणी खोटं असल्याचं लिहिलं. त्यांच्या पत्राचं कार्यालय जमावाने फोडलं. त्या गावाबाहेर होत्या म्हणून वाचल्या. पुढे १८९५ मध्ये त्यांनी जी आकडेवारी मांडली, ती मुद्दाम गोऱ्यांच्या ‘शिकागो ट्रिब्यून’मधली घेतली, म्हणजे आकडे फुगवले असं कुणाला म्हणता येऊ नये. डेटा जर्नालिझमच्या तासाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

विभागप्रमुखांना सांगायचा मुद्दाही इथेच मिळतो. नवी साधनं शिकवायलाच हवीत, त्यावर वाद घालू नका. मोबाइलवर चित्रण आणि संकलन न येणारा मुलगा आज कुणी ठेवून घेणार नाही. पण साधन हातात देताना त्याच्या बरोबर येणारी जुनी खोडही सांगायला हवी. ऑगस्ट १८३५ मध्ये ‘न्यूयॉर्क सन’ या नव्या, एका सेंटला मिळणाऱ्या दैनिकाने सहा लेखांची मालिका छापली: चंद्रावर पंखवाली माणसं दिसली! शोध लावणारा म्हणून खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचं खरं नाव दिलं. ते त्या वेळी खरोखरच आफ्रिकेच्या टोकाला दुर्बीण लावून बसले होते. आधार म्हणून एडिंबरोच्या एका विज्ञानपत्रिकेचं नाव दिलं, जी तोवर बंद पडली होती. खरा माणूस, खरी जागा, मृत संदर्भ. आज यंत्राकडून आलेल्या मजकुरातले बनावट संदर्भ अगदी याच घडणीचे असतात. ज्याने १८३५ ची ती मालिका उलगडून पाहिली आहे, त्याला आजचं यंत्र काय करतंय हे पटकन कळतं. इतिहास आणि साधनं यांतलं एक निवडा, असा प्रश्न मांडला जाईल तेव्हा प्रश्नच चुकीचा मांडलाय असं शांतपणे म्हणा.

ते कदाचित सुचवतील की इतिहास वेगळा नको, प्रत्येक पेपरात थोडाथोडा घालू. ऐकायला बरं वाटतं. मी याला विरोध करेन. वाटून टाकलेला इतिहास किश्श्यांपुरता उरतो. ज्याच्या हाती पेपर तो वेळ उरला तर सांगतो, आणि वेळ कधीच उरत नाही. स्वतंत्र पेपर धरून ठेवा, हवं तर तास थोडे सोडा. आणि बदल्यात त्यांना प्रश्नपत्रिका बदलून द्या, कारण खरं दुखणं तिथे आहे. ‘अमुक पत्र कोणी व केव्हा सुरू केले?’ हा प्रश्न असेल तोवर मुलं पाठच करणार. त्याऐवजी न पाहिलेलं एक जुनं पान द्या आणि विचारा: या पानावर कोण बोलतंय, पैसा कुठून आलाय, काय गाळलंय, आणि हे ज्याने लिहिलं त्याला त्या दिवशी काय माहीत असणं शक्य नव्हतं?

आपल्या धंद्याने स्वतःबद्दल रचलेल्या कथाही याच तासाला तपासा. ‘उलटा पिरॅमिड’ तुम्ही शिकवत असालच: महत्त्वाचं आधी, बाकीचं खाली. त्यामागची गोष्टही सांगितली जाते की अमेरिकेतल्या यादवी युद्धात तारा मध्येच तुटायच्या, म्हणून बातमीदार मुख्य गोष्ट आधी पाठवू लागले. मी स्वतः ती गोष्ट कितीतरी प्रशिक्षणार्थींना सांगितली आहे. पण त्या काळातले अंक उघडून पाहणाऱ्या अभ्यासकांना ती रीत तेव्हा सर्रास दिसली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती रुळली, म्हणजे तार येऊन कित्येक दशकं झाल्यावर. गोष्ट सुटसुटीत होती म्हणून आम्ही ती पुढे ढकलत राहिलो, आणि पुराव्याकडे कुणी गेलं नाही. पडताळणी शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरची पडताळणी करावी.

पहिल्या तासाला काय करायचं, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. कुठलंही दैनिक घेऊन जा आणि शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक टाइपातली ओळ वाचायला सांगा. जी कुणी कधी वाचत नाही ती: मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी संपादक तमुक यांची. ही ओळ तिथे का आहे? १८६७ च्या कायद्यामुळे. १८५७ नंतर दहा वर्षांनी सरकारला हवं होतं की कुठलाही छापील कागद हाती आला, तर कुणाला धरायचं ते त्याच कागदावर लिहिलेलं असावं. पाळत ठेवण्यासाठी आलेली ती ओळ. पण तीच पुढे वाचकाच्याही कामाची झाली, कारण बदनामी झालेल्या माणसाला जाब कुणाला विचारायचा ते तिच्यातून कळतं. तो कायदा जाऊन २०२३ मध्ये नवा आला, ओळ मात्र अजून आहे. मग मुलांना त्यांच्या मोबाइलमध्ये बातम्यांचं एखादं चॅनेल किंवा पान उघडायला सांगा, जे ते रोज बघतात, आणि तिथे ही ओळ शोधायला सांगा. मोबाइल बंद करा म्हणण्यापेक्षा हे बरं. बऱ्याच जणांना ती सापडणार नाही, आणि वर्गात एक वेगळी शांतता पसरेल.

आणीबाणी, सेन्सॉरशिप, जून १९७५ मधले कोरे सोडलेले अग्रलेख, हे सगळं तुम्ही घ्यालच. त्यावर साहित्य भरपूर आहे, मी वेळ घेत नाही. एवढंच सांगते की ज्यांनी जागा कोरी सोडली त्यांच्याबरोबर ज्यांनी निमूटपणे भरली त्यांचेही अंक दाखवा. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना उद्या दुसऱ्या प्रकारच्या कार्यालयात काम करावं लागेल, आणि तिथे बसून काय करता येतं, काय नाही, हे त्यांना आधी कळलेलं बरं.

तुम्हाला हा विषय आवडला नव्हता, असं लिहिलंत. मला ते चांगलं लक्षण वाटतं. कंटाळा कुठे येतो हे तुम्हाला आतून माहीत आहे. शिवाय तुमच्याकडे पाच वर्षांचा डेस्क आहे. त्या पाच वर्षांत तुमच्या हातून गेलेलं, आजही आठवलं की पोटात कालवतं असं एक पान असेल. प्रत्येकाचं असतं. ते वर्गात सांगा, आणि मग त्याच्यासारखं जुनं पान शोधा. मला माझं सापडायला फार वर्षं लागली.

राहता राहिलं एक काम, ते मात्र लवकर करा. तुमच्या जवळच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात वृत्तपत्रांच्या बांधीव फायली असतील. मुलांना तिथे घेऊन जा, एका वेळी आठ-दहाच. स्क्रीनवर कात्रण पाहणं आणि अख्खा अंक पाहणं यांत फार फरक आहे. अख्ख्या अंकात गाजलेल्या लेखाशेजारी औषधाची जाहिरात असते, हरवलेल्या मुलाची सूचना असते, पहिलं पान कित्येकदा जाहिरातींनीच भरलेलं असतं, आणि ज्याला आपण ‘ऐतिहासिक’ म्हणतो तो मजकूर आतल्या कोपऱ्यात सापडतो. त्या दिवशी तो ऐतिहासिक नव्हता, आठ-दहा मजकुरांतला एक होता, हे डोळ्यांना दिसतं. कुणी जुने खिळेजुळारी (छपाईची अक्षरं हाताने जुळवणारे), छापखान्यातले कामगार अजून भेटत असतील तर त्यांच्याशी बोलून ते ध्वनिमुद्रित करायला सांगा. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही फायलीत नाही, आणि त्यांच्यासाठी थांबायला वेळही नाही.

फाइल उघडताना पान कोपऱ्यातून ओढू देऊ नका. कागद इतका कडक झालेला असतो की तुकडा हातात येतो. दोन्ही तळवे पानाखाली घालून ते सावकाश उलटायचं, आधी तुम्ही करून दाखवा. फोटो फ्लॅशशिवाय घ्यायचे. पान कुठे फाटलंय, कुठला अंक गहाळ आहे, याची नोंद मुलांनी वहीत करावी आणि तिची एक प्रत ग्रंथपालांना द्यावी. आणि कोल्हापूरच्या त्या पत्रांवर तुमच्या वर्गाने काय ठरवलं, छापायचं की थांबायचं, ते मला नक्की कळवा. कोण कोणत्या बाजूला गेलं तेही लिहा.